नाथसागराला सायकलने वळसा

प्रश्न: ताई, मी अंबड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. वय ४४. गेल्या वर्षी भाच्याने त्याची जुनी गिअरची सायकल दिली, तेव्हापासून शाळेला सायकलनेच जाते. येऊन-जाऊन रोज बावीस किलोमीटर होतात. माझ्या आईचं माहेर गंगापूर तालुक्यात, नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या, पाण्याखाली गेलं. तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. लहानपणापासून तिच्या तोंडून त्या गावाबद्दल ऐकत आले. या दिवाळीच्या सुटीत सायकलवर एकटीने नाथसागराला पूर्ण फेरी घालायची, असं मनात घेतलंय. मोबाइलच्या नकाशावर पाहिलं तर दोन दिवसांत होईल असं वाटतं. पाण्याच्या कडेकडेने जायचं आणि रात्री काठावर तंबू लावायचा. यजमान म्हणतात, कुणाला तरी सोबत ने. सासूबाई म्हणतात, एसटीने पैठणला जा, नाथांचं दर्शन घेऊन ये. मी काय करू? जायचं तर तयारी कशी करू?
एक शिक्षिका, अंबड तालुका

उत्तर:

ताई, जा. एकट्याच जा. पण दोन दिवसांचा बेत आणि काठावरचा तंबू, या दोन गोष्टी आधी डोक्यातून काढा. पत्रातलं बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

नकाशात निळ्या रंगाला कड दिसते आणि आपण समजतो की त्या कडेने रस्ता असेल. नाथसागराला अशी कायमची कड नाहीच. धरण पूर्ण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांपर्यंत चढतं आणि साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं. उन्हाळ्यापर्यंत तेच पाणी उतरत उतरत काही ठिकाणी किलोमीटर, दोन किलोमीटर आत सरकतं. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचा या गाळपेरीच्या पट्ट्यांवर पहिला हक्क असतो. तुमच्या आजोळची माणसंही कदाचित ती करत असतील. म्हणजे आज नकाशात पाणी दाखवलंय तिथे फेब्रुवारीत हरभरा असू शकतो, आणि जिथे पायवाट दाखवलीय तिथे ऑक्टोबरात कमरेएवढं पाणी.

हे मी सोसून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी याच भागात होते. मोबाइलने डांबरी रस्ता सोडून पाण्याकडे जाणारा जवळचा रस्ता दाखवला. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता. पाचशे मीटर गेले असेन, काळी माती चाकाला धरायला लागली. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ती अशी ठासून भरली की चाक फिरेना. काडीने माती उकरायची, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायची. शेवटी सामान सोडून खांद्यावर घेतलं, सायकल ओढत नेली आणि अडीच तासांनी एका वस्तीवर पोचले. तिथल्या आजींनी आधी पाणी दिलं, मग चहा, आणि मग विचारलं, "बाई, तुला रस्ता सांगायला कुणीच भेटलं नाही का?" भेटले होते. फाट्यावरच्या पानटपरीवर चार माणसं बसली होती. मी थांबून विचारलं नव्हतं.

म्हणून तुमचा बेत पाण्याच्या कडेवर बांधू नका. डांबरी रस्ता, मुक्कामाची गावं आणि तिथली माणसं यांच्यावर बांधा. पाणी अधूनमधून भेटेल. एक संबंध दिवस असाही जाईल की ते दिसणारच नाही. हे आधीच ठाऊक असलं म्हणजे त्या दिवशी हिरमोड होणार नाही.

आता अंतर. पैठण, घोटण, शेवगाव, भेंडे, नेवासा, प्रवरासंगम, कायगाव आणि उत्तरेकडच्या गावांतून पुन्हा पैठण, ही फेरी दीडशे ते एकशे साठ किलोमीटरची धरा. गावात शिरणं, चुकणं, पाण्याकडे आत-बाहेर करणं वेगळं. शिवाय तुमच्या घरून पाचोडमार्गे पैठण पन्नास-साठ किलोमीटर, तेवढंच परत. सगळं मिळून पावणेतीनशेच्या घरात जातं. दोन दिवसांत हे करणारे लोक आहेत, पण ते मान वर करून काही बघत नाहीत. तुम्ही आईचं गाव बघायला निघाला आहात. पाच दिवस द्या.

फेरी उजवी घाला, म्हणजे पाणी सतत उजव्या हाताला राहील. सासूबाईंना हे सांगितलंत तर त्या निम्म्या राजी होतील, कारण प्रदक्षिणा उजवीच घालतात. माझं कारण मात्र रहदारीचं आणि वाऱ्याचं आहे. या वाटेवरचा सगळ्यात वाईट तुकडा नेवासा फाटा ते कायगाव हा पुणे–संभाजीनगर महामार्ग. तो सकाळी उजाडल्या उजाडल्या, गाड्या कमी असताना पार पडला पाहिजे. उजवी फेरी घातली की आदला मुक्काम नेवाशाच्या भागात पडतो आणि ते आपोआप साधतं. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो. दक्षिण काठाने पश्चिमेला जाताना तो पाठीवर घ्याल. उत्तर काठाने परत येताना तोंडावर घ्यावा लागेल, म्हणून तिकडचे टप्पे मी मुद्दाम छोटे ठेवले आहेत. सकाळी वारा मंद असतो, दहा-अकरानंतर जोर धरतो. रोज साडेसहाला निघा, एकपर्यंत मुक्कामाला पोचा.

पहिला दिवस घर ते पैठण. पाचोडला थांबा. मोसंबीचा बाजार आहे तिथे. पाच-सहा मोसंब्या पिशवीत टाका, दोन दिवस पुरतील. पैठणला दुपारी पोचलात तर नाथांच्या वाड्यात आणि घाटावर जाऊन या. धरण लांबूनच बघा. दहा किलोमीटर लांबीची ती भिंत आहे, २७ दरवाजे आहेत, पण भिंतीवर सायकल न्यायला परवानगी लागते. त्या खटपटीत दिवस घालवू नका. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: धरणाच्या खाली नदीच्या पात्रात उतरून बसायचं नाही, कितीही कोरडं दिसलं तरी. वरून पाणी कधी सोडतील याचा भरवसा धरू नका. २००६ च्या ऑगस्टात धरणातून सोडलेल्या पाण्याने पैठण शहर बुडालं होतं.

या धरणाच्या जायकवाडी या नावाची गोष्ट तुमच्या मुलांना, शाळेतल्या मुलांनाही सांगा. मूळ बेत बीड जिल्ह्यात जायकुची वाडी या गावाजवळ धरण बांधण्याचा होता. जागा बदलून पैठणला आली, नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. या दोन तारखांच्या मधल्या दहा वर्षांत तुमच्या आईचं बालपण आलं. वर्गात शिकवताना एवढं जवळचं उदाहरण क्वचित सापडतं.

दुसरा दिवस सगळ्यात लांब, सत्तर किलोमीटर. धरणाच्या खालच्या अंगाला गोदावरीचा पूल ओलांडला की थोड्या वेळात अहिल्यानगर जिल्हा लागतो. घोटणला मल्लिकार्जुनाचं जुनं मंदिर आहे, तिथे नाश्त्याला थांबा. पुढे शेवगाव, तिथून भेंड्यावरून नेवासा. हा पट्टा उसाचा. दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि रस्त्यावर उसाच्या गाड्या सुरू होतात.

उसाच्या ट्रॅक्टरबद्दल जरा थांबून सांगते, कारण या फेरीत जिवाला धोका कुणाचा असेल तर त्याचाच आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ट्रॅक्टर तुमच्या बाजूने नीट निघून जातो आणि तुम्ही सुटकेचा श्वास घेता. तेवढ्यात मागची ट्रॉली हेलकावा खाऊन तुमच्याकडे येते. उसाची टोकं दोन्ही बाजूंना हात-दीड हात बाहेर आलेली असतात. चालकाने गाणी मोठ्याने लावलेली असतात, तुमची घंटी त्याला ऐकू जात नाही. तेव्हा मागून ट्रॅक्टर येतोय असं कळलं की डांबर सोडा, खाली उतरून उभ्या राहा, दुसरी ट्रॉली गेली की मगच पुन्हा चढा. दिवसात वीस वेळा उतरावं लागलं तरी उतरा. सूर्य मावळल्यावर त्या रस्त्यावर सायकल चालवायची नाही, कारण कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो आणि ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांनाही नसतो. हँडलच्या उजव्या बाजूला आरसा बसवून घ्या, दीड-दोनशे रुपयांना मिळतो. मागच्या मडगार्डला रेडियमची पट्टी आणि लुकलुकणारा लाल दिवा, दिवसासुद्धा चालू ठेवा.

मुक्काम नेवाशात किंवा त्याच्या पुढे देवगडला करा. देवगडच्या दत्त संस्थानात भक्तनिवास आहे, आवार मोठं आहे, बायकांना एकटीने राहायला संकोच वाटत नाही. निघण्याआधी फोन करून खोलीबद्दल विचारा आणि सायकल खोलीत किंवा कार्यालयाजवळ ठेवू देतील का तेही विचारा. नेवाशात जो खांब आहे त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे. त्याच संध्याकाळी जाऊन या, सकाळी वेळ मिळणार नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडताच महामार्गाला लागा आणि पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून चालवत प्रवरासंगमचा पूल गाठा. पुलावर थांबून फोटो काढू नका, कठड्याजवळ जागा नसते. अलीकडे टोक्याला सिद्धेश्वराचं पेशवेकाळातलं मंदिर आहे. तिथे सायकल लावा, संगमाच्या घाटावर बसा. दगडावरचं कोरीवकाम फार सुरेख आहे. पूल ओलांडला की कायगाव, गंगापूर तालुका. तुमच्या आजोळचा मुलूख.

इथून पुढचा मार्ग मी तुम्हाला ओळीने देत नाही, तो तुमच्या आईने द्यायचा आहे. आत्ताच, निघण्याच्या महिनाभर आधी, एक मोठा कागद घेऊन तिच्याजवळ बसा. गावाचं नाव, शेजारच्या गावांची नावं, बाजार कुठल्या वारी कुठे भरायचा, नदी कुठून ओलांडायची, शाळा कुठे, देऊळ कुठलं, सगळं लिहून घ्या. तिला नकाशा दाखवू नका, तिलाच काढू द्या. मग उठलेल्या गावाची नवी वसाहत कुठे बसली ते शोधा. कायगावचंच बघा ना, जुनं वेगळं आणि नवीन वेगळं. तुमच्या आजोळचंही असं काही असेल. तिथे मामांच्या भावकीतलं एखादं घर निघेलच. त्यांना फोन करा आणि सांगा की अमक्याची नात सायकलवर येतेय, एक रात्र राहीन. ही तिसरी रात्र तिथेच काढा. काठावरच्या तंबूपेक्षा पाणी तिथे जास्त जवळ असेल, कारण त्या घरात पाण्याआधीचं गाव आठवणारी माणसं भेटतील.

तंबू नको म्हणते त्याची कारणंही सांगते. १९८६ पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, काठावर मनाला येईल तिथे चूल मांडून राहता येत नाही. गाळपेरीच्या जमिनीत साप-विंचू असतात, पहाटे दहिवराने तंबू आतूनबाहेरून भिजतो. आणि अनोळखी काठावर एकटीने झोप लागत नाही. झोप नाही झाली तर दुसऱ्या दिवशी महामार्गावर हात जड पडतात.

जुन्या गावाची जागा बघायची असेल तर भावकीतल्या माणसाबरोबर जा, त्याच्याच रस्त्याने. दिवाळीच्या सुमाराला धरण भरलेलं असतं, तेव्हा तुम्हाला बहुधा नुसतं पाणीच दिसेल. दुष्काळाच्या वर्षी पाणी खूप खाली जातं तेव्हा अशा गावांच्या भिंती, चौथरे, देवळांचे दगड वर येतात. त्यासाठी पुन्हा एखाद्या मे महिन्यात यावं लागेल. रोहित पक्ष्यांचंही तसंच. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो, म्हणून त्यांचे थवे बघायचे तर फेब्रुवारी-मार्च बरा. नोव्हेंबरात बदकं, चक्रवाक दिसायला लागतील. तुम्हाला सुटी दिवाळीचीच आहे, तेव्हा भाऊबीज उरकून निघा. तोवर परतीचा पाऊसही ओसरलेला असतो. निघण्याच्या आदल्या दोन दिवसांत पाऊस झालाच तर सगळं दोन दिवस पुढे ढकला आणि त्याची रुखरुख लावून घेऊ नका.

चौथ्या दिवशी ढोरकीनवरून पैठण. आजोळच्या गावातून ढोरकीनला कुठल्या गावरस्त्याने निघायचं ते रात्रीच घरच्या माणसांना विचारा. दूध घालायला जाणारा माणूस सगळ्यात खात्रीचं सांगतो, तो रोज पहाटे त्याच रस्त्याने जातो. पाणंद रस्ता कुणी सुचवला तर "गाडी जाते का?" असं न विचारता "परवा पावसात गाडी गेली का?" असं विचारा. पैठणचा रस्ता लागला की अवजड गाड्या वाढतात, तिथे पुन्हा पांढऱ्या पट्टीच्या बाहेर. पाचव्या दिवशी घर.

सायकल. भाच्याची आहे म्हणता, तर टायरच्या बाजूवर लिहिलेलं माप वाचा. २६ इंची असेल तर ट्यूब तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळेल. साडेसत्तावीस, एकोणतीस किंवा ७०० असेल तर शेवगाव-नेवाशात मिळेल अशा भरवशावर राहू नका. दोन नव्या ट्यूब बरोबर घ्या. हवा भरायची नळी मोटारसायकलसारखी जाड आहे की पातळ, तेही बघा. पातळ असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येणार नाही, तिची टोपी किंवा छोटा पंप लागेल. बाभळीचे काटे या भागात जागोजागी आहेत. रस्त्याच्या कडेला उतरून परत चढताना दरवेळी टायरवरून हाताने कापड फिरवा, काटा आत जाण्याआधी निघतो. पंक्चर स्वतः काढायला शिका, गावातल्या सायकलवाल्याकडे बसून चार वेळा करून बघा. आणि मडगार्ड टायरपासून दोन बोटं वर उचलून घ्या. माझी अडीच तासांची माती आठवा.

सामान पाठीवर घ्यायचं नाही. मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या, एकूण सात-आठ किलोच्या वर नको. दोन सुती पंजाबी ड्रेस, एक स्वेटर, शाल, आतून घालायची सायकलची गादीवाली चड्डी (ही नक्की घ्या, दुसऱ्या दिवशी मला दुवा द्याल), पाळीचं सामान, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, दोरी, पॉवर बँक. पाणी तीन लिटर. खायला शेंगदाणे-गूळ आणि पहिल्या दोन दिवसांचे धपाटे. स्वच्छतागृहासाठी बस स्थानक, पेट्रोल पंप आणि शाळा. तुम्ही शिक्षिका आहात, वाटेवरच्या शाळेत कुणी असेल तर ओळख दिलीत की अडचण येणार नाही. त्या भीतीने पाणी कमी पिऊ नका. आपण बायका हे हमखास करतो आणि दुपारी डोकं धरून बसतो.

सराव मात्र लागेल. रोजचे बावीस चांगले आहेत, पण ते रिकाम्या सायकलचे आहेत आणि मध्ये सहा तास शाळा आहे. येत्या दोन रविवारी सलग चाळीस करा. त्यानंतर एकदा भरलेल्या पिशव्या लावून शनिवारी पन्नास आणि रविवारी पुन्हा पन्नास. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच जमतं. दुसऱ्या सकाळी दुखऱ्या अंगाने पुन्हा सीटवर बसता आलं तर तुम्ही तयार. नाही बसता आलं, तर फेरी सुटीच्या शेवटच्या आठवड्यात ढकला आणि सराव चालू ठेवा.

राहता राहिले यजमान. त्यांची काळजी खोटी नाही, तिला उत्तर द्या. मुक्कामाची ठिकाणं आणि फोन नंबर कागदावर लिहून घरी भिंतीला लावा. रोज सकाळी दहाला आणि दुपारी दोनला फोन करायचा, रेंज नसेल तर चार वाजेपर्यंत वाट बघायची आणि मग पुढच्या मुक्कामाच्या नंबरवर विचारायचं, असं दोघांत ठरवा. ११२ हा नंबर फोनच्या पहिल्या पानावर ठेवा. सायकल मोडली किंवा अंग मोडलं तर छोटा हत्ती ठरवून जवळच्या मोठ्या गावात यायचं, त्यासाठी तीन हजार रुपये वेगळे बांधून ठेवा. नव्या एसटीच्या टपावर सायकल चढवता येत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. वाटेत कुणी विचारलं "एकट्याच का?" तर "पुढे भाऊ थांबलाय" असं सांगायला मला काही गैर वाटत नाही. मुक्काम कुठे आहे हे मात्र रस्त्यावर कुणालाच सांगायचं नाही.

सासूबाईंना एसटीने पैठणला खुशाल जाऊ द्या, पण चौथ्या दिवशी आणि तुमच्या आईला बरोबर घेऊन. तुम्ही दुपारी एकच्या सुमाराला पोचाल. आजोळच्या घरून निघताना तिथल्या शेतातली थोडी माती पिशवीत घ्या, पण ओली नको, नाहीतर पिशवी फुटून कपड्यांना लागेल. ती आईच्या हातात द्या, आणि तिने काढलेला नकाशाचा कागद बरोबर असू द्या. त्यावर तिला अजून काही भरायचं असेल.